फुकटची ताडपत्री

शुक्रवार, ६ जुलै २००७. संध्याकाळी ७.४०

गारपीट. बरोबर सात मिनिटं. आधी आवळ्याएवढ्या, मग लिंबाएवढ्या. एक संत्र्याएवढी होती असं सासूबाई म्हणतात. पण त्या परवाच पुण्याहून आल्यात, त्यांना जर्मनीतलं सगळंच मोठं वाटतं.

नुकसान : गाडीच्या टपाचं आप्पेपात्र झालं. विभावरीची टोमॅटोची रोपं गेली. पोटमाळ्यावरची कौलं फुटली. मी अंगणातून मोजली, साधारण दहा. विभावरीनं वर जाऊन मोजली, एकेचाळीस. पद्धतीतला फरक.

पोटमाळ्यावर आपल्या मराठी मंडळाचं ग्रंथालय आहे. एकूण पुस्तकं ४१२. दीनानाथकाकांनी तीस-पस्तीस वर्षं दर भारतवारीला बॅगेतून दहा-दहा करून आणलेली. त्यांच्या पत्नी अहिल्याबाईंनी प्रत्येकाला खाकी कव्हर घालून आपल्या अक्षरात नावं घातलेली. बाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतर काकांनी सगळ्या ट्रंका माझ्याकडे आणून दिल्या, माझा हात धरला आणि फक्त "सांभाळ" म्हणाले. तेव्हापासून मी ग्रंथपाल.

पुढच्या रविवारी, १५ तारखेला, मंडळाची वार्षिक सभा आपल्याच घरी. काका येणार. ग्रंथालय माझ्याकडे ठेवायचं की फ्रँकफर्टच्या मंडळाला द्यायचं, हे तेव्हा ठरणार. फ्रँकफर्टवाल्यांचा डोळा आहेच.

विभावरी म्हणाली, पुस्तकं आत्ताच्या आत्ता खाली आणू. मी म्हणालो, घाईत क्रम बिघडेल. तो लावायला मला दोन वर्षं लागली आहेत.

संकल्प : उद्या प्लॅन. परवा अंमलबजावणी.

शनिवार, ७ जुलै

डाखडेकरला, म्हणजे छप्परवाल्याला, सकाळी आठला फोन केला. अख्ख्या गावानं सातलाच केला होता. नंबर लागेल तीन आठवड्यांनी.

११.१५. दारात दोन माणसं. पुरुष पन्नाशीचा, शेंडी बांधलेला, नाव उवे. बाई चाळिशीची, हाइके. मागे पांढरी व्हॅन. टपावर तीन अँटेना आणि एक गरगर फिरणारं यंत्र. नंबर प्लेट आखनची. म्हणाले, आम्ही गेविटरयेगर. वादळांच्या मागे गाडी घेऊन फिरतो, फोटो काढतो, वेधशाळेला कळवतो. आणि जिथे वादळ पडतं तिथे आम्हीच पहिले पोचलेले असतो, म्हणून थांबून मदत करतो. तुमच्या छपरावर ताडपत्री टाकून देऊ का?

विचारलं, किती घेणार? म्हणाले, काही नाही.

इथेच माझ्या डोक्यात घंटा वाजली. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. फुकट ते पौष्टिक म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, मी त्यातला नाही. आखनहून इथे, स्टुटगार्टच्या पार पलीकडे, चारशे किलोमीटर पेट्रोल जाळून माणूस ‘काही नाही’साठी येत नाही. वर त्या उवेनं विचारलं, पोटमाळ्यावर काय आहे? म्हणे ओझ्याचा अंदाज हवा. मी म्हणालो, काही नाही. आणि आभार मानून दार लावलं.

दुपारी शेजारच्या फ्राऊ हेफेलेंनी एक गोष्ट सांगितली. ही व्हॅन काल साडेचारलाच मक्याच्या शेतापाशी उभी होती. गारा पडल्या सहाला! यांना आधीच कसं कळलं?

विभावरी म्हणाली, अहो, तेच तर त्यांचं काम. (तिची आई आल्यापासून ती मला अहो म्हणते. एरवी शिरीष. त्या अहोत मला हल्ली आदर कमी जाणवतो.)

रविवार, ८ जुलै

अंमलबजावणी. साहित्य : न्हाणीघराचे जुने पडदे दोन, सहलीची चटई एक, पार्सलची टेप तीन रोल. खिळे ठोकले नाहीत, कारण रविवारी इथे ठोकाठोक चालत नाही आणि मी कायदा पाळणारा माणूस आहे. पडद्याचा वारा लागणारा कोपरा दाबायला काहीतरी जड हवं होतं. पुस्तक क्रमांक १ घेतलं. ६२० पानं, पक्की बांधणी. ते रजिस्टरमध्ये आधीपासून माझ्याच नावावर आहे, त्यामुळे नियमात बसतं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं. काळजी म्हणजे काळजी.

विभावरी म्हणाली, त्या माणसाची ताडपत्री या पडद्यांपेक्षा बरी नव्हती का? मी म्हणालो, पडद्यावर मासे आहेत म्हणजे तो वॉटरप्रूफच असणार.

ती टोळी मात्र दिवसभर समोरच्या रांगेत छपरांवर ठोकत होती. रविवारी! ऑर्डनुंग्जआम्टला, म्हणजे नियम मोडणाऱ्यांना दंड करणाऱ्या कचेरीला, फोन केला. रविवारी बंद.

पुस्तकं खाली आणायची राहिली. पाठ धरली.

सोमवार, ९ जुलै

रजा काढली. कारण लिहिलं, कौटुंबिक सुरक्षा.

पक्षी बघायला घेतलेली दुर्बीण शेवटी उपयोगी पडली. खिडकीतून नोंदी : ९.०५ उवे शिडीवर. ९.४० हाइकेनं कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याला सूप दिलं. (विश्वास संपादन!) १०.२० व्हॅनमध्ये लॅपटॉप उघडून दोघं आकाशाकडे बघत बसले. प्रामाणिक माणसं आकाशाकडे एवढा वेळ बघत नाहीत.

दुपारी प्रत्यक्ष पाहणीसाठी गावात फेरी मारली. निळं जाकीट, छत्री, दुर्बीण, वही. घराघरांपाशी थांबून काय-काय फुटलंय ते लिहून घेतलं. म्हणजे पुढे काही चोरीला गेलं तर आधी काय होतं ते कळेल. उभ्या गाड्यांचे नंबर घेतले, एकूण ३४.

परत येतो तो आणखी एक धक्का. आपल्या चार घरांच्या रांगेत या आठवड्यात केहरवोखंची पाटी आपल्या दाराला आहे, म्हणजे फुटपाथ झाडायची पाळी माझी. फुटलेली कौलं शुक्रवारपासून तशीच पडली होती. मी आज झाडणारच होतो. बघतो तर लख्ख! हाइके झाडून गेली. तुकडेसुद्धा पोत्यात भरून नेले.

थोडक्यात, पुरावा नष्ट.

मंगळवार, १० जुलै

सावधगिरी म्हणून दारावर जर्मनमध्ये पाटी लावली : या घरात सोनं नाही. पोटमाळ्यावर तर मुळीच नाही.

विभावरीनं वीस मिनिटांत काढली. तेवढ्यात पोस्टमन वाचून वर पोटमाळ्याकडे बघत गेला. आता त्याच्यावरही लक्ष ठेवणं आलं.

बाजारातून भक्कम कुलूप आणून पोटमाळ्याच्या दाराला लावलं. किल्ली एकच ठेवली. माझ्या खिशात. माझ्या कारकिर्दीत ग्रंथालयातून एकही पुस्तक हरवलेलं नाही, हे फ्रँकफर्टवाल्यांनी लक्षात घ्यावं.

संध्याकाळी घरातच फितुरी. सासूबाईंनी थालीपिठं लावली आणि त्या दोघांना मागच्या अंगणात बसवून खायला घातली. वर लोण्याचा गोळा. त्यांना जर्मनचा ज येत नाही, त्या उवेला मराठीचा म येत नाही. तरी अर्धा तास गप्पा! नंतर विचारलं, काय बोललात? म्हणाल्या, जावईबापू, बिचाऱ्याची आई गेल्या वर्षी वारली. हे यांना कुठल्या भाषेत कळलं?

आमच्या लेकीला, वल्लरीला (वय नऊ), दुभाषी म्हणून उभं-आडवं विचारलं. तिनं नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये उत्तर दिलं. उवेनं सांगितलंय म्हणे, सुरुवातीला मी फक्त फोटोसाठी जायचो. मग एकदा एका गावाचा फोटो काढला आणि त्यात एक बाई नुसती अंगणात उभी दिसली, घराकडे बघत. तेव्हापासून फोटो काढून निघून जाणं जमत नाही.

पाठ केलेलं वाक्य वाटतं.

बुधवार, ११ जुलै

केवढी बातमी! मी म्हणत होतो ते खरं ठरलं. गावच्या मिटाइलुंग्जब्लाटमध्ये, म्हणजे सूचनापत्रात, पान दोनवर चौकटीत सूचना : गारपिटीनंतर एक संशयास्पद इसम गावात फिरत आहे. निळं जाकीट, काळी छत्री, गळ्यात दुर्बीण. घरांची पाहणी करून वहीत नोंदी करतो. गाड्यांचे नंबर लिहितो. वय अंदाजे पंचावन्न. दिसल्यास पोलिसांना कळवावं.

म्हणजे टोळीत तिसराही आहे!

किती निर्ढावलेला माणूस. भरदिवसा फिरतो आणि मला एकदाही दिसला नाही. जाकीटसुद्धा माझ्यासारखंच. सेलमध्ये घेतलेलं असणार, हल्ली चोरही काटकसरी झालेत.

विभावरीला वाचून दाखवलं. तिनं आधी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा कागदाकडे. म्हणाली, शिरीष, तू जरा घरात बस. आईसमोर शिरीष! घाबरलेली असणार. मी म्हणालो, चिंता करू नकोस, मी ५५ चा नाही, ४३ चा आहे, मला पळता येतं.

चार ते सहा त्या इसमाच्या शोधात फिरलो. लोक पडदे बाजूला करून बघत होते. एका आजोबांनी तर मला बघून घाईनं दाराला कडी घातली. जागृती वाढते आहे. श्रेय कुणी देणार नाही, ते सोडा.

गुरुवार, १२ जुलै

उवे पुन्हा दारात. उद्या संध्याकाळी वादळ येतंय, गेल्या शुक्रवारच्यापेक्षा मोठं, वारा जास्त. तुमचं एकच छप्पर उघडं राहिलंय. अर्ध्या तासाचं काम आहे, करू द्या.

विभावरी माझ्याकडे बघत होती. सासूबाई बघत होत्या. मी रेडिओ लावला. रेडिओ म्हणाला, तुरळक पाऊस. मी म्हणालो, ऐकलंत? उवेनं छपरावरच्या माशांकडे बघितलं आणि गेला.

नंतर विभावरीनं पोटमाळ्याची किल्ली मागितली. पुस्तकं आजच उतरवू म्हणाली. मी समजावलं, टोळीला नेमकं हेच हवं आहे. वरचा माल खाली आला की नेणं सोपं. ती म्हणाली, अहिल्याबाईंची पुस्तकं कोण चोरणार, इथे मराठी वाचणारी दीडशे माणसं, आणि त्यांनी मागितली तरी तू देत नाहीस! रागात माणूस काहीही बोलतो. देत नाही असं नाही. दोन प्रतींत अर्ज, दोन जामीन आणि वाचण्याचं कारण, एवढंच मागतो. आजवर तेवीस अर्ज आलेत. सगळे विचाराधीन आहेत.

संकल्प : उद्या सगळी फाइल घेऊन पोलिसांकडे. पानं चौदा, नकाशे दोन. परवा शनिवारी पुस्तकं उतरवणं, क्रमवारीनं. रविवारी सभा, काका, टाळ्या.

शुक्रवार, १३ जुलै. दुपारी ४.५०. पोलीस चौकी

बसनं आलो. गाडी काढली असती तर टोळीला कळलं असतं. मोबाइलही बंद ठेवला आहे.

उत्तम स्वागत. मी आत शिरताच काउंटरवरचा अधिकारी उठून उभा राहिला. मी दुर्बीण आणि वही टेबलावर ठेवली तेव्हा त्यानं आतून आणखी एकाला बोलावलं. प्रकरणाचं गांभीर्य त्यांच्या लगेच लक्षात आलं.

५.२५. कॉफी दिली. चौदाही पानं त्यांनी वाचली. एकानं विचारलं, हे ३४ नंबर तुम्हीच लिहिलेत का? अभिमानानं हो म्हणालो. मग मला भिंतीपाशी उभं राहायला सांगितलं. छत्रीसकट. फोटो काढला. बक्षिसाच्या बातमीसाठी असावा.

५.५०. एक अधिकारी मिटाइलुंग्जब्लाट घेऊन समोर बसला आहे. एक ओळ वाचतो, माझ्याकडे बघतो. एक ओळ वाचतो, माझ्याकडे बघतो. मी त्याला म्हणालो, हाच तो, याला पकडा. तो म्हणाला, गेनाऊ. म्हणजे अगदी बरोबर.

६.०५. आत्ता लक्षात आलं.

नाही, शक्य नाही. पंचावन्न लिहिलंय.

६.१०. बाहेर अंधारून आलं. रस्त्यावरचे दिवे लागले, जुलैत, सहा वाजता. वारा सुटला. मी म्हणालो, मला घरी जायचं आहे. म्हणाले, ओळख पटेपर्यंत बसा, घरी फोन लावतोय.

६.२०. गारा. चौकीच्या खिडक्या वाजताहेत. खिशात हात घातला. पोटमाळ्याची किल्ली हाताला लागली.

घरी तीन जणी आहेत आणि वर कुणालाच जाता येणार नाही.

काकांनी हात धरून सांभाळ म्हटलं होतं. बाई आजारी असतानासुद्धा कव्हरं घालत होत्या. शेवटच्या वीस-पंचवीस पुस्तकांवरचं अक्षर तिरकं गेलंय. मी ते विद्रूप दिसतं म्हणून ती मागच्या रांगेत लावली. हे आत्ता का आठवावं कळत नाही. मी उठून दारापर्यंत गेलो. त्यांनी परत बसवलं. मी रडलो नाही. गारांच्या आवाजात कळलंही नसतं.

७.३०. मला सोडवायला माणूस आला. उवे. अंगावरून पाणी निथळतंय. त्यानं अधिकाऱ्याला सांगितलं, याला मी ओळखतो, हा शनिवारपासून आमच्यावर पाळत ठेवतो. निरुपद्रवी आहे. सहीसुद्धा केली.

निरुपद्रवी. जर्मन शब्द नेमका तोच वापरला.

शनिवार, १४ जुलै

दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नाही. ४११ पुस्तकं सासूबाईंच्या नऊवारींवर मांडली आहेत. क्रम पूर्ण बिघडलेला.

काय झालं ते सगळ्यांनी एकदम सांगितलं, म्हणून उशिरा कळलं. काल सहा वाजता वाऱ्यानं माशांचे पडदे उडवले. विभावरीनं मला सतरा फोन केले. शेवटी ती व्हॅनकडे पळाली. उवे शिडी लावून छपराच्या भोकातून आत उतरला आणि पोटमाळ्याच्या दाराच्या बिजागऱ्या आतून काढल्या. मग जिन्यात साखळी : उवे, हाइके, विभावरी, वल्लरी, फ्राऊ हेफेले, सासूबाई. गारा पडत असताना पुस्तकं हातोहात खाली. शेवटी ताडपत्री. त्या नादात त्यांची व्हॅन उघड्यावर राहिली. समोरची काच गेली, गरगर फिरणारं यंत्र मोडलं. चौकीच्या फोनवर विभावरी फक्त एवढंच म्हणाली म्हणे, हो, तो आमचाच आहे.

अकरा पुस्तकं ओली. हाइके सकाळपासून पानापानात वर्तमानपत्राचे कागद घालत बसली आहे. तिला एक अक्षर वाचता येत नाही. पण कव्हरवरच्या बाईंच्या अक्षरावरून बोट फिरवून म्हणाली, ही सगळी एकाच माणसानं लिहिली ना? कोण होती?

मी सांगितलं. नीट सांगता आलं नाही.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. माझं कुलूप शेवटपर्यंत निघालं नाही.

रविवार, १५ जुलै. संध्याकाळ

सभा. माणसं चाळीस. मी आपत्ती व्यवस्थापनावर पाच मिनिटांचं मनोगत तयार ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही. उवे आणि हाइकेला सासूबाईंनी पहिल्या रांगेत बसवलं होतं.

काका आले. आता काठी लागते. पुस्तकांमधून हळूहळू फिरले, एका-दोन कव्हरांना हात लावला. मग म्हणाले, रजिस्टर बघू.

दोन वर्षांचं रजिस्टर. काकांनी चष्मा लावून पानं उलटली. कोरं, कोरं, कोरं. पहिल्या पानावर एकच नोंद : पुस्तक क्रमांक १, नेणाऱ्याचं नाव शिरीष, परत केल्याची तारीख नाही. मी म्हणालो, काका, म्हणूनच एकही हरवलं नाही.

काका म्हणाले, क्रमांक १ आण.

तेव्हा कळलं की दोन दिवसांत मला त्याची एकदाही आठवण झाली नव्हती.

विभावरीनं पुढच्या रांगेत हलक्या आवाजात जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं. उवे उठला, व्हॅनमधून पिशवी घेऊन आला. फ्राऊ हेफेलेंच्या चेरीच्या झाडात सापडलं म्हणे, काल सकाळी. पुस्तक फुगून दुप्पट झालेलं. खाकी कव्हर गेलेलं. आतल्या पानावर मी प्रत्येक पुस्तकात लावतो ते स्टिकर होतं : बाहेर नेण्यास सक्त मनाई. पाण्यानं ते सुटून आलं होतं. खाली बाईंचं अक्षर. शाई पसरलेली, तरी वाचता येत होतं.

वाचून झालं की दुसऱ्याला द्या. — अहिल्या

मी स्टिकर लावताना ते वाचलं होतं. चारशे बारा वेळा.

काकांनी ते पान हातात घेतलं. मग म्हणाले, एकाहत्तर साली आली तेव्हा तिच्या बॅगेत हे एवढं एकच पुस्तक होतं. पहिल्या हिवाळ्यात मला रोज मोठ्यानं वाचून दाखवायची. काका माझ्यावर फार रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मग ते सगळ्यांना म्हणाले, हवी ती पुस्तकं घेऊन जा. अर्ज नको, जामीन नको. रजिस्टर सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. त्या महिनाभरच आहेत असं मी नियमावर बोट ठेवून सांगितलं. काका म्हणाले, महिना पुष्कळ झाला. साडेपाचपर्यंत दिवाणखाना रिकामा. फ्रँकफर्टवाले चाळीस घेऊन गेले. हाइकेनं एक घेतलं, मागच्या रांगेतलं, तिरक्या अक्षराचं. वाचता येत नसताना. सासूबाईंनी तिचंही नाव लिहिलं, देवनागरीत, आणि कारण विचारलं नाही.

जाताना काकांनी क्रमांक १ माझ्या हातात दिलं. विचारलं, कसं आहे रे पुस्तक?

मी ते वाचलेलं नव्हतं.

खोटं बोलणार होतो. सवयीनं तोंडही उघडलं होतं. पण म्हणालो, नाही वाचलं काका. त्यांनी मान डोलावली आणि काठी टेकत गाडीकडे गेले.

व्हॅनही निघून गेली, काचेच्या जागी त्यांचीच ताडपत्री लावून. पूर्वेकडे कुठेतरी ढग जमताहेत म्हणे. किती घेणार, हे या वेळी मी विचारलं नाही. हात हलवला. उवेनंही हलवला.

केहरवोखंची पाटी अजून आपल्याच दाराला. फुटपाथवर शुक्रवारची कौलं, सहा दिवसांची धूळ आणि माशांचा अर्धा पडदा. झाडून काढलं. या वेळी कुणी आधी झाडून ठेवलं नव्हतं.

संकल्प : पुस्तक क्रमांक १ वाचायचं. आजपासून. मग दुसऱ्याला द्यायचं.

पहिली बावीस पानं एकमेकांना चिकटली आहेत. तेविसाव्यापासून सुरू करतो.